चढणीची वाट आणि चौदा दारं

मुदखेडच्या बाजारात मासेवालीच्या ओंडक्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं की गोदावरीची निम्मी कहाणी कळते. आंध्रातून रात्रीतून आलेल्या थर्माकोलच्या पेट्या असतात. बर्फाखाली कटला, रोहू, पंगस. शेजारच्या घमेल्यात चिलापी, ती मात्र इथल्याच बंधाऱ्यातली. नशीब असेल तर एखाद्या पाटीत जिवंत मरळ, एखादी वाम, दोन-चार शिंगटे. ‘नदीचा मासा आहे का?’ म्हणून विचारलं की विकणारी बाई आधी आपल्याकडं बघते आणि मग चिलापीकडं बोट करते. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात आली १९५२ साली. गोदावरी आपल्या तालुक्यातून वाहते, आमदुऱ्याचा बंधारा आपल्याच हद्दीत आहे, आणि नदीचा मासा म्हणून पिशवीत पडतो तो हा पाहुणा.

मग गोदावरीचे स्वतःचे मासे कुठं गेले? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधायला गेलं की एका जागी मिळत नाही. थोडं पुण्याच्या एका जुन्या यादीत सापडतं, थोडं लोणावळ्याच्या तळ्यात, थोडं कावेरीच्या पात्रात, आणि बरंचसं धर्माबादजवळच्या एका बंधाऱ्याच्या दारांपाशी.

सुरुवात यादीपासून करू. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा सांख्यिकी अधिकारी. १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खनभर माणसं, पिकं, पाऊस, पक्षी मोजत हिंडला. त्यानं दख्खनच्या माशांवर जो निबंध लिहिला तो १८३९च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडून प्रसिद्ध झाला. या निबंधाची गंमत मराठी वाचकालाच कळावी अशी आहे. माशांना लॅटिन नावं देताना साइक्सनं पुष्कळ ठिकाणी भोई-कोळ्यांच्या तोंडची नावंच उचलली. खुद्री, कोळस, पोटील, नुक्टा, मळ्या, शिंघाळा, शिंगटी, कातरणी, सांडखोळ. जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ आज ‘टोर खुद्री’ म्हणतो तेव्हा तो नकळत एक मराठी शब्द उच्चारतो. पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रात साइक्सला हा मासा मिळाला होता. हाच दख्खनचा महाशीर. कृष्णा आणि गोदावरी ही त्याची मूळ घरं.

‘महाशीर’ या नावाची फोड कशी करायची यावर एकमत नाही. कोणी महा-शिर म्हणतं, म्हणजे मोठ्या डोक्याचा. कोणी फारसीतलं ‘माही’ आणि ‘शेर’ जोडून माशांतला वाघ म्हणतं. नांदेडकरांना दुसरी फोड परकी वाटायचं कारण नाही. निजामाच्या अमदानीतल्या कागदांत मासेमाराला ‘माहीगीर’च म्हणत. आणखी मागं जायचं तर लातूरच्या सीमेपलीकडं, आजच्या बसवकल्याणला, कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा सोमेश्वर तिसरा यानं ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं करमणूक कशी करावी हे सांगताना त्यानं एक प्रकरण मत्स्यविनोदाला, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याला दिलं. पस्तीसेक जातींचे मासे, कोणता खवल्यांचा, कोणता बिनखवल्यांचा, कोणाला कसलं आमिष घालायचं, दोर कसला वळायचा, सगळं त्यात आहे. जिथून गळाची विद्या ग्रंथात गेली तो हा मुलूख. आज तिथं गळाला लागतं काय, तर चिलापी.

आता माशाकडं येऊ. मासेवालीच्या ओंडक्याभोवती खवले उडालेले असतात. त्यातला रोहूचा एखादा खवला उचलून उजेडात धरला तर झाडाच्या बुंध्यासारखी बारीक वलयं दिसतात. माशाची वाढ मंदावते तेव्हा ती वलयं दाटतात आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. महाशीराचा खवला याहून कितीतरी मोठा. मोठ्या माशाचा एक खवला तळहात झाकतो, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत एका रांगेत असे जेमतेम पंचवीस-सत्तावीस खवले बसतात. अंग लांबट, पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखं ताणलेलं. पाठ हिरवट काळसर, कुशीला सोनेरी झाक, परांना निळसर छटा. ओठ जाड, आणि त्यांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या. काही महाशीरांचे ओठ इतके मांसल होतात की पूर्वी त्यावरून वेगळी जात असावी असं वाटे. तशी ती नसते, ओठ खाण्याच्या सवयीनं बदलतात.

तोंडात दात नाहीत, दात घशात आहेत. गोगलगाय, शिंपली, खेकडा गिळायचा आणि घशातल्या दातांनी चुरायचा. पण नुसता मांसाहारी म्हणावं तर तसंही नाही. दगडावरचं शेवाळ खातो, पाण्यातले किडे खातो, आणि काठावरच्या उंबराखाली फळं पडायच्या दिवसांत हजर असतो. नदीकाठचं झाड तोडलं की माशाचं ताट उचललं जातं, हे आपल्या लक्षात येत नाही.

महाशीराला दोन तऱ्हेचं पाणी लागतं. उन्हाळ्यात खोल डोह, जिथं पाणी थंड राहतं आणि लपायला कपार असते. पावसाळ्यात उथळ, खळाळतं, दगडगोट्यांचं पाणी, जिथं अंडी घालता येतात. या दोहोंच्या मधली वाट त्यानं दरवर्षी चढायची आणि उतरायची. पहिल्या पुराचा गढूळ लोंढा आला की मासे उलटे वर चढतात, त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. चढण एकट्या महाशीराची नसते; शिंगटे, वाम, मळ्या, मुरे, सगळेच आपापल्या बेतानं वर सरकतात. ओढ्याच्या तोंडाशी, बंधाऱ्याच्या खालच्या पाण्यात ते दाटीनं उड्या मारतात, आणि नेमके त्याच वेळी अंड्यांनी भरलेले असतात. गावोगावची पोरं टोपल्या घेऊन धावतात ती याच दिवसांत. चढणीच्या माशाची चव निराळी असते हे मी नाकारणार नाही. पण त्या एका कालवणात पुढच्या वर्षीचा किती मासा शिजतो, तो हिशोब कोणी केलेला नाही.

हा हिशोब महाशीराच्या बाबतीत फार कडक आहे. रोहूची मादी शरीराच्या एका किलोमागं लाखांनी अंडी सोडते; महाशीराची मादी किलोमागं काही हजार. रोहूचं अंडं पाण्यात फुगतं, हलकं होतं आणि पंधरा-अठरा तासांत फुटतं. महाशीराचं अंडं सोनेरी, साबुदाण्याच्या दाण्याएवढं, जड. ते तळाशी जाऊन गोट्यांच्या फटीत बसतं आणि फुटायला साठ ते ऐंशी तास घेतं. पिल्लू बाहेर आल्यावरही काही दिवस पोटाशी बलकाची पिशवी घेऊन दगडाआड दडून असतं. म्हणजे जवळजवळ आठवडाभर त्या फटीतून स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी वाहत राहायला हवं. वरून गाळ बसला की अंडं गुदमरतं. पाणी अचानक उतरलं की ते उन्हात पडतं. एवढं समजलं की महाशीर का कमी झाला हे विचारायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही.

ही माहिती आपल्याला मिळाली ती बव्हंशी लोणावळ्यामुळं. टाटांच्या वीजकंपनीनं सह्याद्रीत वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी अशी धरणं बांधली. त्या तलावांत महाशीर होते आणि पावसाळ्यात ते ओढ्यांच्या मुखाशी जमायचे. राज्याच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्यांच्या अंडी घालण्याच्या सवयी आणि पिल्लांची वाढ टिपून १९७१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. पुढं एस. एन. ओगले यांच्यासोबत त्यांनी वळवणच्या केंद्रात महाशीराची पैदास सुरू केली. जुलै-ऑगस्टच्या धो धो पावसात जाळ्यानं पिकलेली मादी धरायची, पोट हलक्या हातानं दाबून अंडी परातीत काढायची, नराचं रेत त्यावर सोडायचं, पिसानं कालवायचं. अंडं इतकं चिवट की ओल्या कापसात गुंडाळून विमानानं लांब पाठवता येतं, हे या दोघांनी १९७९ साली दाखवून दिलं. पाण्यानं भरलेल्या पिशव्या नकोत, प्राणवायूच्या नळ्या नकोत, नुसता ओला कापूस! मला या सगळ्या शास्त्रातली ही गोष्ट सर्वांत आवडते. फटीत तीन दिवस तग धरायचा जो गुण निसर्गानं दिला, तोच प्रवासाला कामी आला.

लोणावळ्याचं हे काम आजतागायत चालू आहे आणि त्यातून लाखांनी पिल्लं देशभर गेली. या कामाची थोरवी खरीच आहे, आणि एक चटका लावणारी गोष्टही तिथूनच सुरू होते. सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याची पिल्लं कावेरीत सोडली गेली. कावेरीत गळ टाकणाऱ्या शौकिनांसाठी मोठे मासे हवे होते, आणि नदीतले कमी होत चालले होते. दख्खनचा महाशीर तिथं रुळला, फोफावला. पण कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी शेपटीचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. त्याचं शास्त्रीय नाव काय हेसुद्धा नीट ठरलेलं नव्हतं. अभ्यासकांनी २०१८ साली तो ‘टोर रेमादेवी’च असल्याचं दाखवलं, आणि त्याच वर्षी त्याची गणना जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणं होतीच, पण दयाळूपणानं सोडलेल्या परक्या पिल्लांचाही त्यात मोठा वाटा होता. एका नदीचा वाचवलेला मासा दुसऱ्या नदीच्या माशाच्या मुळावर आला.

म्हणून ‘बीज सोडा, मासा वाचेल’ हे ऐकलं की मी थोडा सावध होतो. आज प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम चालतो. पाहुणे येतात, हंड्यातलं पाणी नदीत ओततात, फोटो निघतो. बीज त्याच नदीच्या माशांचं असेल आणि सोडलेल्या पिल्लाला मोठं व्हायला जागा असेल तर त्यात वावगं काही नाही. पण मुळात नदीत मासे का उरले नाहीत, हा प्रश्न हंडा रिकामा झाल्यावरही जिथल्या तिथं असतो. भाडेकरू मिळत नाही म्हणून नवे भाडेकरू आणायचे आणि गळकं छप्पर तसंच ठेवायचं, असला हा प्रकार.

लाल यादीचंही असंच. दख्खनचा महाशीर २०११ साली ‘संकटग्रस्त’ ठरला होता. पुढच्या फेरतपासणीत त्याला सर्वांत कमी काळजीच्या वर्गात टाकलं गेलं, कारण तो पुष्कळ ठिकाणी पसरला आहे, त्यातल्या कित्येक ठिकाणी माणसानं नेऊन सोडलेला. जगाच्या हिशेबानं ते बरोबर असेलही. पण जगाच्या यादीतली खुशाली आणि आपल्या डोहातली खुशाली या दोन निराळ्या गोष्टी. मूळ घरात माणूस नाही आणि नातेवाईक दहा गावांत सुखी आहेत, अशी ती अवस्था.

शिवाय महाशीराला निदान वाली मिळाले. शौकीन आहेत, कंपनी आहे, देवळं आहेत. साइक्सच्याच यादीतल्या नुक्ट्याचं काय? हा कार्पच्या कुळातला मासा, कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांपलीकडं जगात कुठं नाही. नाकाडावर आडवी खाच असल्यानं त्याला दोन नाकं असल्यासारखं दिसतं. आपल्या लोकांनी सरळ नकटा म्हणून टाकलं. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, म्हणजे त्याला उघडा दगड आणि वाहतं पाणी पाहिजेच. लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. सांडखोळही त्याच रांगेत. आणि ‘सिलोनिया चिल्ड्रेनी’ हा दख्खनच्या नद्यांतला मोठा शिकारी मासा, बिनखवल्यांचा, चांदीच्या पात्यासारखा, तोही संकटग्रस्त. नावातल्या ‘चिल्ड्रेनी’चा पोराबाळांशी संबंध नाही, ब्रिटिश म्युझियमच्या चिल्ड्रेन नावाच्या गृहस्थावरून ते ठेवलं गेलं. या माशांसाठी कोणी केंद्र उघडलं नाही, कोणी गळ टाकायला येत नाही, कोणी नवस बोलत नाही. राज्याचा मासा म्हणून महाराष्ट्रानं २०२३ साली पापलेटला मान दिला. तो समुद्रातला. तेलंगणानं निदान मरळ निवडली, जी तळ्यात-नदीत सापडते आणि मृगाला हैदराबादच्या दम्याच्या औषधासाठी हजारो माणसांच्या घशात जिवंत उतरते.

आता आपल्या पात्राकडं. मुदखेड जंक्शनवरून दोन फाटे फुटतात. एक उमरी-धर्माबादवरून बासरला जातो आणि पुढं गोदावरी ओलांडतो. दुसरा भोकर, हिमायतनगरवरून किनवटकडं वळतो आणि वाटेत सहस्रकुंड नावाचं स्टेशन लागतं, तिथल्या पैनगंगेच्या धबधब्याच्या नावाचं. गोदावरी आपल्याकडं येते ती काळ्या मातीच्या सपाटीतून, संथ, रुंद, वाळूच्या पात्रातून. पैनगंगा सहस्रकुंडाला काळ्या खडकात चिरा पाडून कोसळते आणि खाली खोल डोह करते. महाशीराला मानवणारं पाणी म्हणजे कसं, हे डोळ्यांनी बघायचं तर तिथं जावं. दोन्ही पाणी शेवटी एकच होतं. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत येते. लातूरची मांजराही कंदकुर्तीला गोदावरीतच मिळते. माशाच्या दृष्टीनं हे सगळं एकच घर होतं, अनेक खोल्यांचं.

त्या घरात आता दारंच दारं आहेत. पैठणला जायकवाडी, सत्तावीस दरवाजे, १९७६ पासून भरलेलं. खाली तेलंगणात पोचंपाडचं श्रीराम सागर, बेचाळीस दरवाजे, ज्याची कोनशिला १९६३ साली बसली. या दोहोंच्या मधे बंधाऱ्यांची माळ: हिरडपुरी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, अंतेश्वर, नांदेडजवळ विष्णुपुरी, मग आपला आमदुरा, उमरी तालुक्यातला बळेगाव, आणि शेवटी बाभळी. पोचंपाडच्या फुगवट्यातून वर निघालेल्या माशाला पैठणपर्यंत जायचं तर एवढी दारं ओलांडावी लागतात. बंधाऱ्याच्या कडेनं माशांसाठी पायऱ्यांची वाट ठेवायची रीत आपल्याकडं रुजलीच नाही. जगभरच्या स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या ज्या संख्या वर्षानुवर्षं मोजल्या गेल्या, त्यांत १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत सरासरी ८१ टक्क्यांची घट दिसली. कारणांच्या यादीत वाट अडणं फार वरच्या जागी आहे.

बंधारे नकोत असं मी म्हणणार नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासमोर माशासाठी पाणी सोडा म्हणायला जीभ रेटत नाही. त्या उन्हाळ्यात नदीचे डोह आटले, आणि मासा मोठा असो की लहान, चिखलात हातानं वेचला गेला. कोल्हापुरी बंधाऱ्यांचा मूळ नियम तर माशाच्या सोयीचाच आहे. पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पाऊस सरत आला की टाकायचे. म्हणजे चढणीच्या दिवसांत नदी मोकळी. पण बर्गे चोरीला जातात, गंजून अडकतात, कुठं काढायचेच राहतात. आणि दरवाजांच्या मोठ्या बंधाऱ्यांवर, पाऊस ओढ देतो त्या वर्षी पहिलं पाणी अडवायची घाई असते. ती घाई समजण्यासारखी आहे. मात्र चढणीचा मासा ज्या लोंढ्याची वाट बघत असतो, तो नेमका हाच पहिला लोंढा.

अपवाद बाभळीचा, आणि तो भलत्याच कारणानं घडला. हा चौदा दरवाजांचा, पावणेतीन टीएमसीचा बंधारा धर्माबाद तालुक्यात, पोचंपाडच्या फुगवट्याच्या आतच उभा राहिला. त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा अखंड आंध्र या दोन राज्यांत रण माजलं. २०१०च्या जुलैत आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन निघाले आणि त्यांना धर्माबादेत अटक झाली, हे आपल्या भागातल्या कोणाला विसरता येणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ फेब्रुवारी २०१३ला निकाल लागला. दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर चौदाही दरवाजे वर ठेवायचे. २९ ऑक्टोबरला खाली घ्यायचे. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. आपल्याकडं या निकालावर नाराजीच आहे आणि तिला आधारही आहे, कारण पावसाळाभर पाणी डोळ्यांदेखत निघून जातं आणि दारं बंद होईतो नदी ओसरते. पण मत्स्यशास्त्राचं पुस्तक शेजारी ठेवून तारखा वाचा. जुलै ते ऑक्टोबर! दख्खनच्या नदीतल्या माशांनी चढायचे, अंडी घालायचे आणि पिल्लांनी खाली उतरायचे हेच महिने. पाण्याच्या वाटणीसाठी भांडणाऱ्या दोन राज्यांनी माशांच्या विणीच्या हंगामाचं वेळापत्रक न्यायालयाकडून मंजूर करून घेतलं, आणि त्याचा उल्लेख निकालाच्या चर्चेत कधी आला नाही.

एक दार उघडं असून भागतं असं नव्हे, पुढं बळेगाव आहे, आमदुरा आहे. शिवाय वर चढलेल्या माशाला अंडी घालायला तळ सापडला पाहिजे, आणि तळाची गोष्ट दारांपेक्षा वाईट आहे. नांदेडच्या पात्रात बांबूचे तराफे घेऊन, पाण्यात बुड्या मारून वाळू काढतात. महसूलचे लोक येतात, तराफे जाळतात, पंचनामा होतो, आठवड्यात नवे तराफे तरंगतात. घाटांवर यंत्रं लागतात आणि रात्रभर हायवा ट्रक पळतात. उपशानं पात्रात खड्डे पडतात, काठ ढासळतात, आणि जो बारीक गाळ वाळूखाली दडलेला होता तो पाण्यात उठून खालच्या गोट्यांवर बसतो. साठ ते ऐंशी तास फटीत पडून राहणारं अंडं आठवा.

बाकीची दुखणी ओळखीचीच आहेत, लांबण लावत नाही. शहराचे नाले, जलपर्णी, उन्हाळ्यात प्राणवायू संपून मेलेल्या माशांचा खच. विहिरीच्या कामासाठी आणलेले जिलेटीनचे तोटे नदीत फुटतात, ओढ्यात ब्लिचिंग पावडर पडते. कायद्यानं दोन्हींना बंदी आहे, हे कायद्यालाच आठवत असेल. मागावर थाई मांगूर, जो पाळायला बंदी असून तळ्यातून निसटून नदीत येतो आणि पिल्लं मटकावतो. आणि ती चिलापी, जी अंडी तोंडात सांभाळते. तिला गोटे नकोत, पूर नको, चढण नको. बंधाऱ्याचं उभं पाणी तिच्यासाठीच केल्यासारखं आहे. भोयांच्या संस्थांनी चिलापीवर दिवस काढावेत यात त्यांचा दोष नाही. जाळ्यात जे येतं ते विकायचं.

अभ्यास झालेला नाही असंही म्हणता येत नाही. हैदराबाद संस्थानच्या काळात रहिमुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांची पाहणी केली होती आणि शेजारच्या निजामाबादच्या माशांवर लिहिलं होतं. त्यानंतर प्राणिशास्त्राच्या विभागांतून प्रबंध झाले, तलावातलावाच्या आणि बंधाऱ्याबंधाऱ्याच्या याद्या झाल्या. अडचण अशी की बहुतेक काम यादीवर थांबतं. अमुक जात आढळली, एवढं कळतं. किती आढळली, केवढी आढळली, अंड्यांवर आलेली होती का, दहा वर्षांपूर्वी त्याच जाळ्यात किती यायची, हे कळत नाही. एका महाशीराचं पिल्लू एकदा सापडलं तरी यादीत त्याच्यासमोर खूण होते, आणि ती खूण एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत जाते. आता नदीचं लिटरभर पाणी गाळून, त्यात माशांच्या अंगावरून सुटलेल्या पेशींचा डीएनए तपासून कोणती जात आसपास आहे हे ओळखता येतं. पण ती तपासणीही ‘आहे की नाही’ एवढंच खात्रीनं सांगते. ‘किती’साठी जाळंच टाकावं लागतं, तेही दरवर्षी, त्याच जागी, त्याच दिवशी.

रक्षणाचा सर्वांत जुना उपाय मात्र शास्त्राआधीचा आहे. महाडजवळ वाळण गावी काळ नदीचा डोह आहे, वाळणकोंड. तिथं वरदायिनी देवीचा मान, म्हणून डोहातल्या महाशीरांना कोणी हात लावत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि मासे हाताशी येतात. वाडा तालुक्यात तिळसे इथं वैतरणेच्या पात्रात महादेवाचे मासे, तसेच राखलेले. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासेही असेच पूज्य मानले गेले. यात भाबडेपणा आहे, पण हिशोबही पक्का आहे: उन्हाळ्यातला डोह राखला की पिकलेली जनावरं जगतात, आणि पावसाळ्यात ती आपली आपण चढतात. चुरमुऱ्यांवर पोसलेल्या माशाच्या तब्येतीबद्दल शंका घेता येते. नांदेड-लातूरच्या गोदा-मांजरेकाठी घाट आहेत, संगम आहेत, गुरुद्वारे आहेत, देवळं आहेत. डोहावर मालकी सांगणारी अशी प्रथा आपल्याकडं का टिकली नाही, याचा मला पुरता उलगडा होत नाही. कदाचित आपल्या नदीनं उन्हाळ्यात डोह राखायची हमीच दिली नाही.

समुद्रात जून-जुलैला मासेमारी बंद असते आणि कोळी ती पाळतात. नदीत मात्र त्याच दिवसांत चढणीच्या माशावर गर्दी उसळते. पहिल्या पुरानंतर दोन-तीन आठवडे बंधाऱ्याखालच्या पाण्यात जाळं न टाकण्याचं भोयांच्या संस्थांनीच ठरवलं, आणि तेवढ्या दिवसांचं पोट कोणी भरून दिलं, तर खर्च एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीएवढाही येणार नाही. बंधाऱ्याचे सगळे दरवाजे उघडता येत नसतील तर कडेचं एक दार पहिल्या लोंढ्याला काही तास वर धरता येईल. एखादा सहस्रकुंडासारखा डोह राखीव ठेवता येईल.

दरवर्षी १ जुलैला बाभळीवर महाराष्ट्राचे, तेलंगणाचे आणि केंद्रीय जलआयोगाचे अधिकारी जमतात. चौदा दरवाजे एकेक करून उचलले जातात, पाण्याची पातळी मीटरमध्ये टिपली जाते, सह्या होतात. वर्तमानपत्रात पाणी वाहून गेल्याची बातमी येते. त्या कागदावर आणखी एक रकाना बसेल एवढी जागा आहे: दारांच्या वरच्या अंगाला तासभर टाकलेल्या एका जाळ्यात काय आलं, किती आलं, किती लांबीचं. पुन्हा २९ ऑक्टोबरला दारं पडायच्या आधी तेच, खालच्या दिशेनं निघालेल्या पिल्लांचं. पाच-सात वर्षं हे झालं तर मासेवालीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तरी आकड्यात देता येईल. सरकारी कागदात रकाना वाढायला किती वर्षं लागतात ते ठाऊक असल्यानं, यंदा सकाळच्या गाडीनं धर्माबादला उतरायचं मी ठरवलं आहे. जाळं ओळखीच्या भोयांकडं आहे. वही आणि फूटपट्टी माझी.